अम्मानहून शुभ सकाळ

अबू मैसूनची जीभ एक दिवस त्याच्याच पोरीच्या लग्नाच्या आड येणार, हे आमच्या हाश्मी मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. नवल एवढंच की त्याला एकोणीस वर्षं लागली.

माणूस वाईट नाही. चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, शुक्रवारी मशिदीत जातो, कुणाच्या वाईटावर नाही. पण बोलणं. बगदाद सुटलं तेव्हा चार भाऊ चार दिशांना पांगले. एक स्वीडनला, एक अमेरिकेत, एक ऑस्ट्रेलियात. ह्याला कुठलाच व्हिसा मिळाला नाही, म्हणून हा अम्मानला राहिला. आला होता दोन महिन्यांसाठी. तेव्हा लेक मैसून, जिच्यावरून ह्याला अबू मैसून म्हणजे मैसूनचा बाप म्हणतात, पाच वर्षांची होती, आईचा पदर सोडत नव्हती. आता ती औषधांच्या दुकानात काम करते आणि लोकांना दम भरते की गोळ्या जेवणानंतर घ्या.

तर रोज सकाळी पहिला चहा पोटात गेला की हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहायचा, फोन तोंडापुढे धरायचा आणि भावांसाठी रेकॉर्डिंग सुरू करायचा. "अम्मानहून शुभ सकाळ, भावांनो." एवढंच काय ते गोड. पुढं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"सरकारनं ठरवलंय, यंदापासून हिवाळ्यात घड्याळं मागं घ्यायची नाहीत. म्हणजे पोरं अंधारात शाळेला निघणार. टीव्हीवर एक साहेब सांगत होते, यानं वीज वाचेल. सकाळी घरोघरी दिवे लावायचे आणि वीज वाचवायची, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे. बरं, भाकरीचं सांगतो. कालची भाकरी मी खिडकीच्या फटीत घातली, वारा येत होता म्हणून. छान बसली. आणि आज आमचा पाण्याचा दिवस. आठवड्यातून एकदा पाणी, आणि खालच्या अबू सकरनं मोटर लावून सगळं आपल्या टाकीत ओढलं. दजला नदीच्या काठची माणसं आपण, आणि बादलीसाठी भांडतोय."

ही खिडकी चौकात उघडते. त्यामुळं स्वीडनला पोचायच्या आधी हे सगळं खालच्या किराणा दुकानात पोचायचं. दुकान अबू सकरचं. हा दक्षिणेतल्या करक गावचा माणूस, पोट सुटलेला, आवाज ढोलासारखा. तो खालून विचारायचा, "आज काय पसंत पडलं नाही साहेबांना?" वरून उत्तर जायचं, "तुझी टाकी." दिवसाची सुरुवात झाली म्हणायची.

एवढ्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते गेल्या वसंतातल्या एका रेकॉर्डिंगनं.

तेव्हा कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मुलीला मागणी आली होती आणि अबू मैसून शेजारधर्म म्हणून जाऊन बसला होता. मुलाकडची वडीलधारी माणसं जथ्यानं मुलगी मागायला येतात, त्याला इथं जाहा म्हणतात. जाहाशिवाय लग्न म्हणजे चोरीचा मामला. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी भावांना वृत्तांत दिला.

"काल जाहा बघितला. एक मुलगी मागायला शंभर माणसं. बायकांनी महिन्यापूर्वी सगळं ठरवून टाकलेलं असतं, पडद्याच्या रंगापर्यंत. तरी हे सूट घालून येणार, पुढं एखादा माजी मंत्री, ज्याला मुलाचं नाव खिशातल्या चिठ्ठीवर बघावं लागतं. कॉफीचा कप त्याच्यासमोर येतो. तो खाली ठेवतो आणि म्हणतो, आमचं मागणं मान्य झाल्याशिवाय तुमची कॉफी पिणार नाही. जणू मुलगी नाही, किल्ला मागतोय. त्याचं भाषण संपेपर्यंत कॉफी गार. एवढ्या चांगल्या कॉफीची माती. आपण बगदादला काय करायचो? चहा आला, प्यायला, फातिहाची प्रार्थना म्हटली, मोकळे झालो. ह्यांना कुणीतरी सांगा रे, की मुलगी थांबेल, कॉफी थांबत नाही."

स्वीडनमधला भाऊ हिकमत हसून हसून लोळला आणि त्यानं ते पुढं पाठवलं. त्याच्या मित्रानं इथल्या इरबिद शहरातल्या मित्राला पाठवलं. असा तो आवाज दोन समुद्र ओलांडून गेला आणि आमच्याच डोंगरांत परत आला. अबू मैसूनला याचा पत्ताही नव्हता. शिवाय तेव्हा रकान त्याला माहीत नव्हता.

रकान हा जवळच्या सल्त गावचा पोरगा. मैसूनच्या दुकानात औषधं पोचवणाऱ्या कंपनीत हिशेबनीस आहे. सरळ, थोडा लाजरा, बोलताना शर्टाची बाही ओढणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, मग आयांनी एकमेकींना पसंत केलं, आणि शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर जाहा येणार असं ठरलं. पुढं असणार होते रकानचे थोरले काका अबू नायफ. फौजेतून निवृत्त झालेला म्हातारा, त्यांच्या घराण्यात त्याचा शब्द खाली पडत नाही.

आणि बुधवारी दुपारी रकानच्या आईचा फोन आला. अबू मैसूनची बायको नजला स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती, आणि फोनमधून तिच्याच नवऱ्याचा आवाज यायला लागला. जणू मुलगी नाही, किल्ला मागतोय. नजला खाली स्टुलावर बसली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिनं चप्पलही काढू दिली नाही. "रेकॉर्डिंग अबू नायफनी ऐकलंय."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? तुमची काय एक-दोन आहेत? जाहाचं. कॉफीचं."

अबू मैसून चपलांसकट आत आला. "काय म्हणाले?"

"काहीच म्हणाले नाहीत. तेच तर. ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं, आणि विचारलं, शुक्रवारी असरनंतर ना? बस. रकानची आई रडत होती. म्हणते, ते चिडले की ओरडतात, तेव्हा भीती नसते. गप्प बसले की काहीतरी मोडतात."

"मग येतील ना?"

"मला काय विचारता? हात दाखवून अवलक्षण तुम्ही केलंत, भविष्य मी सांगू?"

मैसून दारात उभी होती. तिनं आदळआपट केली असती तर बापाला बरं वाटलं असतं. ती आली, त्याच्या समोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी आजवर तुम्हाला कधी गप्प बसा म्हटलं?"

"नाही."

"शाळेत माझ्या बाईंसमोर तुम्ही त्यांच्या शहराला नावं ठेवलीत, तेव्हाही नाही. आता एकच दिवस मागते. शुक्रवारी कुणी काही विचारलं, तर म्हणायचं, छान. सगळं छान. दुसरा शब्द नाही. जमेल?"

"जमेल."

"माझी शपथ घ्या."

त्यानं घेतली. पोरीचे डोळे भरलेले होते आणि ती ते पुसत नव्हती, त्यामुळं त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

आता खरी पंचाईत पुढं होती. जाहा आला की मुलीच्या बाजूनंही माणसं लागतात. निदान पंधरा-वीस, आणि त्यात एक बोलणारा, कारण उत्तर बापानं द्यायचं नसतं, बाजूच्या कुणा वडीलधाऱ्यानं द्यायचं असतं. अबू मैसूनचे भाऊ तीन खंडांत. चुलते मेलेले. इथं ज्याची ज्याची ओळख, त्या प्रत्येकाचं काही ना काही त्यानं काढलेलं. गुरुवारी सकाळी तो अबू सकरच्या दुकानात जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ साबणाच्या वड्या न्याहाळत बसला.

"साबण पण पसंत नाही?" अबू सकर म्हणाला.

"अबू सकर, एक काम होतं."

"माझ्या टाकीबद्दल तू जे बोलतोस, ते स्वीडनला नीट पोचतं ना? नाही, आवाज बारीक येत असेल तर मी खालून ओरडतो."

"उद्या मैसूनसाठी जाहा येतोय."

अबू सकरनं तराजू बाजूला सारला. त्याला सगळं माहीत होतं. मोहल्ल्यात सगळ्यांनाच माहीत होतं, रेकॉर्डिंग आमच्या न्हाव्याच्या फोनवरही होतं. पण तो थांबला, बोलू दिलं त्याला.

"माझ्या बाजूनं कुणी नाही," अबू मैसून म्हणाला. "बोलायला एक माणूस पाहिजे. आणि सोबत थोडी माणसं."

"तुझ्यासाठी?"

"हो."

"तुझ्यासाठी एकसुद्धा आणणार नाही." अबू सकरनं पोटावरून हात फिरवला. "पोरीसाठी पन्नास आणतो. ती माझ्या आईची इंजेक्शनं जिने चढून द्यायची, पावसापाण्यात. तू घरात राहतोस तो तिच्या पुण्याईवर. आणि इमारतीखाली गाड्या उभ्या राहतात ती जागा मी रिकामी करतो, खुर्च्या तिथं मांडू. तू फक्त तोंड बंद ठेव."

"शपथ घेतलीये."

"शपथ काय, कुलूप घाल. किल्ली बायकोकडं दे."

तो गुरुवार कसा गेला ते त्यालाच ठाऊक. सकाळी भावांना रेकॉर्डिंग गेलं नाही, तर हिकमतचा निरोप आला, तब्येत बरी आहे ना, दवाखान्यात आहेस का. भाकरीच्या भट्टीवर गेला. भट्टीवाल्यानं रोजच्या सवयीनं विचारलं, "काय मग, आज कशी आहे?" हा म्हणाला, "छान." भट्टीवाल्यानं पुढची भाकरी उचलून उलटसुलट बघितली, वास घेतला, आणि आतल्या माणसाला पीठ तपासायला सांगितलं. दुकानात रेडिओवर बातमी लागली की पाण्याचे दिवस बदलणार आहेत. त्यानं काचेची कड घासता घासता दात आवळले. गॅसची गाडी तेच ते रडकं गाणं वाजवत चारदा गल्लीतून गेली. त्याला वाटलं, आपल्या पोटात कुणीतरी पाणी उकळायला ठेवलंय आणि झाकण घट्ट लावलंय.

पण खरी तगमग वेगळीच होती. येतील का? आले नाहीत तर मैसूनकडं कुठल्या तोंडानं बघायचं? आणि आले, आणि सगळ्यांसमोर कप तसाच ठेवून उठून गेले तर? असं होतं. मुलीची शोभा होते आणि वर्षानुवर्षं लोक विसरत नाहीत. या पोरीनं त्याच्या पायी एक देश सोडला होता, आता तिचं घरही मांडायच्या आधी मोडणार होतं, आणि तेही त्याच्या चहानंतरच्या करमणुकीपायी. रात्री नजला त्याच्याकडं पाठ करून झोपली.

शुक्रवारी अबू सकरनं शब्द पाळला. इमारतीखालच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या समोरासमोर रांगा, खाली सतरंज्या, कोपऱ्यात कॉफीवाला. भट्टीवाला आला, न्हावी आला, शिंपी आला, अबू सकरची करकची भावकी झब्बे आणि लाल चौकटीचे रुमाल घालून आली. ज्यांचं ज्यांचं त्यानं काढलं होतं, ते सगळे इस्त्रीचे कपडे घालून त्याच्या बाजूनं बसले होते. अबू मैसूनला कुणाच्या डोळ्याला डोळा देववेना. बायका जिन्यात, आणि जिन्याच्या जाळीआड मैसून.

असर होऊन गेला. कुणी आलं नाही. तो कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. अबू सकर म्हणाला, "बस रे बाबा, नवरी तू नाहीस." तो बसला आणि पुन्हा उठला. शेवटी एकदाच्या गाड्या वळल्या.

अबू नायफ पुढं होते. वाळलेला, ताठ म्हातारा, हातात काठी, मिशी पांढरीशुभ्र. सलाम झाले, सगळे बसले. कॉफीवाल्यानं डाव्या हातात चंबू आणि उजव्या हातात इवलासा कप धरून पहिली कॉफी अबू नायफना दिली. त्यांनी ती घेतली आणि समोरच्या तिवईवर ठेवली. सगळं थांबलं. कपातून वाफ निघत होती.

म्हाताऱ्यानं अल्लाचं नाव घेतलं, प्रेषितावर सलाम पाठवले, आणि मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "लोकांनो, मी भाषण पाठ करून आलोय. पण आधी एक गोष्ट. हे घर म्हणतं की जाहाच्या पुढं माजी मंत्री असतो. आम्ही शोधला, मिळाला नाही. मी निवृत्त सुभेदार आहे. चालेल का?"

सल्तच्या बाजूला कुणी हसलं नाही. अबू सकर घाईनं म्हणाला, "तुम्ही आमच्या डोक्यावर, अबू नायफ. तुमच्या येण्यानं..."

"तुमच्याशी नंतर बोलतो, आणि रीतीनंच बोलतो," म्हातारा म्हणाला. "आधी मुलीच्या बापाला विचारू द्या. अबू मैसून, मी तुमचं ते बोलणं पुन्हा पुन्हा ऐकलं. नंतर माझ्या नातवानं तुमची आणखीही शोधून आणली. आमची भाकरी वाईट. आमचा चहा म्हणजे गोड पाणी. आमचं घड्याळ चुकीचं, रस्ते चुकीचे, जाहा म्हणजे तमाशा. असू दे, माणसाचं मत असतं. पण एवढं सगळं वाईट असताना तुम्ही आमच्यात पोटची मुलगी का देता? नाइलाज म्हणून? दुसरीकडं कुठं जाता आलं नाही म्हणून? तसं असेल तर मी ही कॉफी पिणार नाही. आमच्या पोराला नाइलाजाची बायको नको."

जाळीआडून बांगडी वाजल्याचा आवाज आला. अबू मैसूननं वर बघितलं. पोरीनं जाळीत बोटं अडकवली होती.

छान म्हणायचं होतं. सगळं छान. शपथ होती. तो शब्द त्याच्या तोंडापर्यंत आला, आणि त्याला एकदम किळस आली त्या शब्दाची.

"भाकरी वाईटच आहे," तो म्हणाला.

अबू सकरनं डोळ्यांवर हात घेतला. रांगेत बसलेल्या भट्टीवाल्यानं मान खाली घातली.

"ते मी मागं घेणार नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चार वर्षांपूर्वी मी बगदादला गेलो होतो. वडिलांचं घर विकायचं होतं. चुलतभावाकडं आठवडाभर राहिलो. चहा कसा झालाय, त्यांनी विचारलं. कढून कढून विष झाला होता. मी म्हटलं, छान. गल्लीत वीज नव्हती, दाराशी कचऱ्याचा ढीग. म्हटलं, काही हरकत नाही, छान आहे. टॅक्सीवाल्यानं दिवसाढवळ्या लुबाडलं, त्याला म्हटलं, देव तुझं भलं करो. माझ्या जन्माच्या गल्लीत, अबू नायफ, मी आठवडाभर पाय जुळवून शहाण्यासारखा बसलो होतो. सगळे म्हणाले, अम्माननं ह्याला किती सभ्य केलं."

तो थांबला. त्यानं पाण्यासाठी इकडंतिकडं बघितलं. कुणी पाणी पुढं केलं नाही, कारण कुणी हलत नव्हतं.

"मग परत आलो. विमानतळावरून टॅक्सी केली. तो बाबा लांबच्या रस्त्यानं निघाला. मी जो सुरू झालो तो हाश्मीपर्यंत. रस्ता, सिग्नल, त्याचा रेडिओ, तुमचं सरकार, तुमचा पाण्याचा दिवस, काही शिल्लक ठेवलं नाही. तोही भांडत होता. इथं, ह्या दारात उतरलो, तरी भांडतोच आहे. आणि मला रडू फुटलं. ह्या वयात, रस्त्यावर. टॅक्सीवाला घाबरला बिचारा. म्हणाला, काका, राहू दे, पैसे नको देऊ."

कुणीतरी खोकलं. तो अबू सकर होता आणि ते खोकणं नव्हतं.

"का रडलो, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. भावांना नाही, बायकोला नाही. आठवडाभरानं मी पहिल्यांदा मोकळं तोंड उघडलं होतं, म्हणून. जिथं मला तोंड उघडायला भीती वाटत नाही, ते घर हे आहे. मला ते आवडलं नाही, खरं सांगतो. मी एवढी वर्षं दुसरंच ठरवून बसलो होतो. पण तसं आहे. मुलगी मी नाइलाजानं देत नाही. घरात देतोय."

एवढं बोलून तो बसला आणि त्याला कळलं की आपण शपथ मोडली. आता जे व्हायचं ते होईल. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबले.

अबू नायफनी काठीची मूठ एकदा फिरवली. मग म्हणाले, "आणि माझं भाषण? ते ऐकायचं की नाही?"

"ऐकतो," अबू मैसून म्हणाला. "पण थोडक्यात. कॉफी गार होतेय."

आधी न्हावी हसला. मग करकची भावकी, मग सल्तची. म्हाताऱ्याची मिशी हलली, पण त्यानं भाषण पूर्ण केलं, एक शब्दही गाळला नाही. घराण्यांची नावं, आजे-पणजे, रकानचं शिक्षण, सगळं. शेवटी त्यानं रीतीप्रमाणं अबू सकरकडं वळून मैसूनचा हात मागितला आणि म्हणाला की हे मान्य झाल्याशिवाय मी तुमची कॉफी पिणार नाही. अबू सकर उभा राहिला, आवाज फुटू नये म्हणून आणखी मोठ्यानं बोलला. "मुलगी तुमची, आणि आम्हीही तुमचे. तुमची कॉफी प्या."

अबू नायफनी कप उचलला, एका घोटात रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं.

"गार आहे," ते म्हणाले. "ह्या एका गोष्टीत बगदादचं बरोबर आहे."

मग फातिहा झाली, गरम कॉफी फिरली, कुनाफ्याच्या मिठाईची ताटं आली. जिन्यातून बायकांनी आनंदाची किलकारी दिली. भट्टीवाला अबू मैसूनशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "उद्यापासून तुझी भाकरी वेगळी भाजतो. पण तुला ती पण आवडणार नाही." हा म्हणाला, "बघू."

लग्न पुढं महिन्याभरात झालं. मैसून सल्तला गेली. पहिल्यांदा लेकीच्या घरी जायचा दिवस आला तेव्हा नजलानं बजावलं की तिथं सासू आहे, सासरा आहे, जरा जपून. "मला कळत नाही का?" तो म्हणाला. चढाच्या गल्ल्या, पायऱ्यांमागून पायऱ्या, तो धापा टाकत वर पोचला. घर पिवळ्या दगडांचं, बैठकीची खोली मोठी. सासरे भले माणूस होते. रकाननं उशी पाठीला दिली. सासूबाईंनी विचारपूस केली आणि लेकीला बापाजवळ बसू द्यावं म्हणून नवऱ्याला घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

मैसून चहा घेऊन आली. अंगावर नवा झगा, हात थोडे भाजलेले. तिनं पेला त्याच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली.

"कसा झालाय, बाबा?"

चहात मरमियाची पानं तरंगत होती, इथं सगळे घालतात ती. साखर एवढी की दाताला चिकटावी. घरी त्यांच्याकडं चहा वेलदोड्याचा, कडक, तिनंच रोज केलेला. त्यानं घोट घेतला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. त्यानं पाय जुळवून घेतले.

"छान," तो म्हणाला. "सगळं छान आहे, बाळ."

रकान खूश झाला. नजलानं सुस्कारा सोडला. मैसून मात्र हलली नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्या शुक्रवारी जाळीआडून तिनं शब्द न् शब्द ऐकला होता.

"बाबा," ती म्हणाली, "असं नका ना करू."

"अगं, खरंच चांगला झालाय."

तिनं त्याच्या हातातून पेला काढून घेतला. डोळ्यांत पाणी होतं आणि या वेळीही ती ते पुसत नव्हती. "मी तुम्हाला एकच दिवस गप्प बसायला सांगितलं होतं. तो दिवस झाला. आता माझ्या घरी तुम्ही पाहुणे झालात का?"

अबू मैसूननं दाराकडं बघितलं. मग लेकीकडं बघितलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "वेलदोडा कुठाय यात?"

"नाही घातला. आणि?"

"आणि हा पाला कशाला? बकऱ्या यायच्यात का कुणाच्या? साखर कुणी घातली?"

"मी घातली. आणि?"

"आणि तो पडदा वाकडा लागलाय. डावीकडं दोन बोटं खाली आहे. रकान, पडदा तू लावलास?"

रकान बाही ओढत उठला आणि पडदा बघायला गेला. मैसून नाक ओढत, पेला घेऊन स्वयंपाकघराकडं निघाली. अबू मैसूनही बोलत बोलत तिच्यामागून गेला. तिनं चहाला नव्यानं पाणी ठेवलं, वरच्या फळीवरून वेलदोड्याची बरणी काढली, आणि दाराच्या चौकटीला टेकून तो तोवर नावं ठेवत ठेवत सल्तच्या पायऱ्यांपर्यंत येऊन पोचला होता.